वाचकांचे प्रश्न : बोलणारं कुणी उरलं नाही, तरी भाषा शिकवतात कशी?

ऑस्ट्रेलियातले ॲबोरिजिनल समाज आपल्या भाषा पुन्हा शिकत आणि शिकवत आहेत. त्याविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. बरीचशी उदाहरणं ॲडलेड परिसरातल्या कौर्णा भाषेची आहेत. केवळ जुन्या कागदांवरून उभी राहिलेली ही भाषा असल्यामुळे कामाच्या सगळ्या पायऱ्या तिच्यात स्पष्ट दिसतात.

प्रश्न : कौर्णा भाषेच्या शेवटच्या जाणकार १९२९ साली वारल्या असं वाचलं. ती भाषा आज शाळेत शिकवतात असंही वाचलं. दोन्ही खरं कसं?

दोन्ही खरं आहे. इवारिची १९२९ मध्ये वारल्या. लहानपणी घरात ही भाषा शिकलेल्या शेवटच्या ज्ञात व्यक्ती त्याच. पण रोजच्या व्यवहारातून भाषा त्याच्या कितीतरी आधी, साधारण १८६०च्या दशकातच, हटली होती. ती आपोआप गेली नाही. जमीन गेली, माणसं गावाबाहेर आणि मिशनांवर हलवली गेली, मुलांना इंग्रजी शाळांत घातलं गेलं आणि पुढे कित्येक मुलं आईबापांपासून सरकारी हुकमाने तोडली गेली. भाषा एका पिढीकडून दुसरीकडे जायला आजी आणि नात एका छपराखाली असाव्या लागतात. तेच मोडलं गेलं.

मागे उरले ते कागद. टाइशलमान आणि श्यूरमान हे दोन जर्मन मिशनरी १८३८ साली ॲडलेडला उतरले. १८३९च्या अखेरीस पिल्टावोडली इथे त्यांनी शाळा काढली आणि तिथे शिकवणं कौर्णातून चालत असे. १८४० मध्ये त्यांनी व्याकरण छापलं. त्यात सुमारे २,००० शब्द आणि २००च्या आसपास वाक्यं आहेत. १८४५ मध्ये ती शाळा बंद करून मुलांना इंग्रजी शाळेत नेलं. टाइशलमानने १८५७ मध्ये आणखी एक हस्तलिखित शब्दसंग्रह तयार केला. तो तेव्हाचे केप वसाहतीचे गव्हर्नर सर जॉर्ज ग्रे यांच्याकडे गेला आणि दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या ग्रंथालयात राहिला. आजची कौर्णा मुख्यतः या दोन नोंदींवर उभी आहे.

१९९० मध्ये एका कार्यशाळेत कौर्णा आणि शेजारच्या भाषांत गाणी रचली गेली. १९९२ पासून कौर्णा प्लेन्स शाळेत भाषेचा वर्ग सुरू झाला. २००२ मध्ये डॉ. लुइस ओब्रायन आणि डॉ. अलित्या रिग्नी या समाजातल्या ज्येष्ठांनी, ॲडलेड विद्यापीठातले भाषातज्ज्ञ रॉब अमेरी यांच्या सोबतीने, 'कौर्णा वारा पिन्त्यांथी' हा गट उभा केला. शब्द ठरवणं, नावं सुचवणं, पुस्तकं करणं हे काम तो गट करतो. सुरुवातीपासून समाजातली माणसं निर्णय घेत होती आणि भाषातज्ज्ञ त्यांच्या बाजूला बसत होते, हा क्रम आम्हाला निर्णायक वाटतो.

संपूर्ण खंडाचं चित्र असं : युरोपीय वसाहतीच्या वेळी २५०हून अधिक भाषा होत्या. २०२०च्या राष्ट्रीय भाषा सर्वेक्षणानुसार लहान मुलांसह सर्व वयोगटांत बोलल्या जाणाऱ्या, म्हणजे तुलनेने सशक्त, अशा फक्त १२ उरल्या आहेत. बाकीच्यांची अवस्था सारखी नाही. काहींचे मोजके वृद्ध भाषक आहेत, काहींच्या फक्त ध्वनिफिती आहेत आणि काहींचे निव्वळ कागद. कामाची पद्धत या अवस्थेवर ठरते, म्हणून कुठल्याही समाजाने आधी आपल्याकडे नक्की काय आहे याची यादी करावी.

प्रश्न : ध्वनिफीत नसताना दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा उच्चार कुणाला कसा कळतो?

पूर्ण खात्रीने कळत नाही. पण अंदाजापेक्षा बरंच जास्त कळतं.

एका शब्दासाठी एक ओळ करतात आणि त्या ओळीत वेगवेगळ्या माणसांनी केलेल्या सगळ्या नोंदी जशाच्या तशा उतरवतात. कुणी लिहिलं, कधी, कुठे आणि कुणाकडून ऐकलं, हेही शेजारी येतं. मग प्रत्येक नोंदणाऱ्याच्या सवयी शोधाव्या लागतात. इंग्रज वसाहतवाल्याला शब्दारंभीचा 'ङ' ऐकूच येत नसे. तो एकतर गाळे किंवा त्याचा नुसता 'न' करी. जर्मन मिशनऱ्यांनी तो नीट टिपला. क आणि ग, ट आणि ड, प आणि ब या जोड्या बहुतेक ऑस्ट्रेलियन भाषांत अर्थ बदलत नाहीत, म्हणून एकच शब्द एकाच्या वहीत 'क'ने तर दुसऱ्याच्या वहीत 'ग'ने सुरू होतो. 'कौर्णा' या नावाचंही तसंच आहे. ते तोंडी 'गाउणा'च्या जवळ ऐकू येतं.

मराठी वाचकाला इथे एक सोय आहे. त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ हे भेद या भाषांत अर्थ बदलतात. इंग्रजी कानाला ते नेमके निसटतात आणि आज इंग्रजीच मातृभाषा असलेल्या आदिवासी तरुणांनाही ते मुद्दाम कमवावे लागतात. शिवाय र एकापेक्षा अधिक प्रकारचा आहे आणि मिशनऱ्यांच्या लेखनात ते प्रकार वेगळे पडत नाहीत.

कागद जिथे गप्प बसतो तिथे बहीणभाषा बोलते. कौर्णा ज्या कुळातली आहे त्याच कुळातली अद्न्यामथाना भाषा उत्तरेला फ्लिंडर्स पर्वतरांगेत आहे आणि तिच्या ध्वनिफिती आहेत. तिथे त्याच मुळातून आलेल्या शब्दात ट स्पष्ट ऐकू येत असेल, तर कौर्णातही ट धरण्याला आधार मिळतो. आधार नसेल तर त्या शब्दापुढे 'संशयित' अशी खूण ठेवून पुढे जायचं असतं. ही खूण पुसली की पुढच्या पिढीला काय नोंदलेलं होतं आणि काय ठरवलेलं होतं हे कळायचा मार्ग राहत नाही. शब्दकोशांत सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं.

मग लिपी. रोमनमध्ये ट-ण-ळ दाखवायला काही भाषा अक्षराखाली रेघ देतात. पिचांचाचारा तसं करते. बाकीच्या 'आर' जोडून जोडाक्षर करतात. रेघ कागदावर सुंदर दिसते, पण मोबाइलच्या संदेशात आणि संगणकावरच्या शोधात गळून पडते, म्हणून नव्याने सुरू करणाऱ्यांनी साध्या कळफलकावर बसणारी पद्धत घ्यावी असं आमचं मत आहे. कौर्णा गटाने २०१० मध्ये लेखन सुधारून घेतलं. ॲडलेडच्या व्हिक्टोरिया चौकाचं कौर्णा नाव आधी 'तण्डन्यांगा' असं लिहिलं जाई, ते 'तण्टन्यांगा' झालं. नियम सुटसुटीत झाला, पण आधीच्या पाट्या, गाण्यांची पुस्तकं आणि वर्गातले तक्ते जुन्या लेखनात राहिले. अशा वेळी जुनं-नवं रूपांतराचा एक पानी तक्ता प्रत्येक शिक्षकाच्या हातात हवा, नाहीतर मुलं एकच शब्द दोन समजून पाठ करतात.

प्रश्न : १८४० साली मोटार नव्हती, संगणक नव्हता. असे शब्द कुठून आणतात? आणि मग ती जुनीच भाषा राहते का?

आधी जुन्या संग्रहात शोधतात, आणि फक्त शब्दांच्या यादीत नाही, तर छापलेल्या वाक्यांतही. यादीत न आलेले कितीतरी शब्द आणि प्रत्यय वाक्यांत लपलेले असतात. नाही सापडलं तर असलेल्या शब्दाचा अर्थ रुंदावतात, दोन शब्द जोडतात किंवा प्रत्यय लावतात. शेजारच्या भाषेकडून उसनं घेणं त्यानंतर येतं, आणि तेही त्या समाजाला विचारूनच. कौर्णात 'पदनी' म्हणजे जाणं. साधन दाखवणारा 'ती' लावून मोटारीला 'पदनीपदनीती' झालं. मेंदू आणि वीज या दोन शब्दांतून संगणकासाठी 'मुकण्टु' आला. अंकांची कथा अधिक वेधक आहे. जुन्या कौर्णात मोजायचे शब्द मोजकेच होते, पण मुलांना जन्मक्रमानुसार नावं देण्याची पद्धत होती : पाचवं मूल, सहावं मूल, अशी नवव्यापर्यंत. त्या नावांच्या मुळांतून पाच ते नऊ हे अंक घेतले गेले. बाहेरून काही आणावं लागलं नाही.

शब्द फसतात ते बहुधा घाईने. ॲपसाठी म्हणून एका बैठकीत शे-दोनशे शब्द पाडले, तर ते पडद्यावरच राहतात. एका वेळी दहाएक शब्द घ्यावेत, महिनाभर गटात बोलून पाहावेत, जीभ अडखळली तर बदलावेत आणि मगच छापावेत. दुसरी अडचण जुन्या नोंदींतच आहे. नोंदणारे पुरुष होते, त्यांना माहिती देणारे प्रमुख जाणकारही पुरुष. त्यामुळे तान्ह्या बाळाशी बोलायची, अंगाईची, रागावण्याची आणि लाडाची भाषा विरळ मिळते. नेमकी तीच भाषा आई-वडिलांना सर्वांत आधी लागते. तिकडे आधी लक्ष द्यावं, मोटारीचे सुटे भाग नंतर.

जुनीच भाषा राहते का? नाही, आणि कुणी तसा दावाही करत नाही. इंग्रजी बोलत वाढलेली माणसं तिला उचलतात, तेव्हा उच्चारात आणि वाक्यरचनेत इंग्रजी शिरतेच. टास्मानियात तर वेगवेगळ्या मूळ भाषांच्या तुटपुंज्या नोंदी एकत्र करून 'पलावा कानी' ही एक भाषा बांधावी लागली. तिथल्या भाषांचा आवाज ऐकवणारं ध्वनिमुद्रण एकाच व्यक्तीचं आहे : फॅनी कॉक्रन स्मिथ यांनी १८९९ आणि १९०३ साली मेणाच्या नळकांड्यांवर दिलेलं. एवढ्या सामग्रीवर दुसरा मार्ग नव्हता. ज्यांची भाषा हिरावली त्यांनी ती कोणत्या रूपात परत घ्यायची, हे ठरवायचा हक्क त्यांचाच आहे असं आम्ही मानतो.

प्रश्न : प्रत्यक्ष वर्ग कसा चालतो? शाळेत वर्षानुवर्षं शिकूनही मुलं बोलत नाहीत अशी तक्रार ऐकली.

तक्रार खरी आहे आणि तिची कारणं ठरावीक आहेत. आठवड्याला एक तास, त्यात रंग, प्राणी, शरीराचे अवयव आणि एक गाणं. पुढच्या वर्षी शिक्षक बदलतो आणि पुन्हा रंगांपासून सुरुवात. मुलाकडे साठ नामं जमतात, क्रियापद एकही नाही. नामांनी बोलता येत नाही.

कौर्णासाठी अमेरी यांनी जी पद्धत मांडली ती ठरीव वाक्यांपासून निघते. 'निना मार्नी?' म्हणजे तू बरा आहेस ना, आणि उत्तर 'मार्नीआय'. व्याकरण न उलगडता अख्खं वाक्य उचलायचं आणि त्याच दिवशी इंग्रजी संभाषणाच्या मध्ये वापरायचं. असे तुकडे वाढत जातात तशी इंग्रजीची जागा कमी होते. चार-सहा मोठ्या माणसांचा गट असेल तर आम्ही असं सुचवतो : एक प्रसंग निवडा, समजा मुलाला सकाळी उठवून दाराबाहेर काढणं. त्याला लागणारी सहा-सात वाक्यं ठरवा : ऊठ, ये, बस, हे घे, कुठे चाललास, चल. दोन आठवडे तेवढीच, पण रोज. ती न आठवता तोंडात येऊ लागली की दुसरा प्रसंग. वाक्याची चिठ्ठी जिथे ती क्रिया घडते तिथेच चिकटवा, वहीत नको.

पाऊण तासाच्या तासिकेत नवीन गोष्ट पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नसावी. बाकीचा वेळ आधीचं वापरण्यात जावा आणि शक्यतो हालचालीसह. शिक्षक आज्ञा देतो, मुलं ती करतात, मग मूलच आज्ञा देतं. आज्ञार्थी रूप बहुधा छोटं असतं आणि ते आलं की क्रियापद हाती लागतं.

व्याकरण कधी? दोन जागी ते टाळता येत नाही. एक द्विवचन : आपण दोघं आणि आपण सगळे यांना वेगळी सर्वनामं आहेत, ती पहिल्या वर्षातच सवयीची व्हायला हवीत. दुसरी कर्त्याची खूण. मराठीत 'मुलाने झाड पाहिलं' मध्ये 'ने' लागतो, 'मुलगा गेला' मध्ये लागत नाही. कौर्णात सकर्मक क्रियेच्या कर्त्याला असाच 'ळु' लागतो आणि तो भूतकाळापुरता नाही. 'मी' सुद्धा बदलतो : जाताना 'ङाय', पाहताना 'ङाथु'. शब्दांचा क्रम मोकळा असल्यामुळे ही खूण गाळली की कुणी कुणाला पाहिलं हेच कळेनासं होतं. इंग्रजीच्या सवयीने ती सर्वांत आधी गळते.

जिथे अजून वृद्ध भाषक आहेत तिथे वर्गापेक्षा जोडी बरी. कॅलिफोर्नियात १९९०च्या दशकात सुरू झालेली गुरू-शिष्य पद्धत ऑस्ट्रेलियातही वापरली गेली आहे. एक ज्येष्ठ, एक तरुण, आठवड्याला दहा ते वीस तास, इंग्रजी बंद. भाजी चिरताना, मासे धरताना, गाडीतून जाताना सगळं त्याच भाषेत, अडलं तर हातवारे. हे दमवणारं आहे. ज्येष्ठांना मानधन द्यावं आणि दर बैठकीनंतर विश्रांतीही.

आमच्या मते शब्दसंख्येपेक्षा शिक्षकांची संख्या जास्त अडते. एकच हौशी माणूस शाळेत शिकवतो, कार्यक्रमात स्वागताचं भाषण करतो, नगरपालिकेला नावं सुचवतो आणि तीन वर्षांत थकून बाजूला होतो. त्यामुळे मुलांच्या वर्गाआधी मोठ्यांचा वर्ग उभा करावा. न्यू साउथ वेल्समधली गुम्बयंगीर भाषा याचं चांगलं उदाहरण आहे. १९८६ मध्ये उभी राहिलेली मूर्बाय ही सहकारी संस्था प्रौढांना शिकवत आली आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २०२२ मध्ये, कॉफ्स हार्बरला त्या भाषेची द्विभाषिक शाळा उघडली. त्याच राज्यातल्या विराजुरी भाषेसाठी चार्ल्स स्टर्ट विद्यापीठाचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम २०१४ पासून आहे.

प्रश्न : वृद्ध भाषकांचं ध्वनिमुद्रण करायचं तर काय काळजी घ्यावी?

फाइल दाबलेली नको. एमपी-थ्री नको, वेव्ह स्वरूप ठेवा, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. एकमार्गी मुद्रणाला तासाला सुमारे ५२० मेगाबाइट लागतात, स्टिरिओला त्याच्या दुप्पट. माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला, म्हणजे प-ब उच्चारताना फुंकर थेट बसत नाही. बाहेर असाल तर माइकवर केसाळ टोपी घाला, आत असाल तर पंखा आणि फ्रिज बंद करा. फ्रिजची घरघर बसल्यावेळी जाणवत नाही, पण नंतर 'ङ' ऐकायला बसलात की तीच ऐकू येते. निघताना फ्रिज पुन्हा चालू करायला विसरू नका.

सुरुवातीला तारीख, ठिकाण, उपस्थितांची नावं आणि भाषा तोंडी बोलून घ्या. फाइल आणि माहिती पुढे वेगळ्या पडल्या तरी आवाजात ओळख राहते. बैठक पाऊण तासाची पुरे. 'याला काय म्हणता, त्याला काय म्हणता' असं विचारत गेलं की यादी मिळते, बोलणं मिळत नाही. दोन भाषकांना एकत्र बसवून एखादं काम किंवा जुनं छायाचित्र समोर ठेवावं. त्याच संध्याकाळी तीन प्रती करा आणि एक दुसऱ्या इमारतीत ठेवा. एका तासाचं मुद्रण ऐकून लिहून काढायला दहा तास सहज लागतात, अवघड मजकुराला चाळीसही. तेव्हा लिहून होईल तेवढंच मुद्रण करत चला, नाहीतर फिती साठतात आणि ज्यांना विचारायचं ते राहत नाहीत.

संमतीपत्रात एक प्रश्न हवाच : माझ्या मृत्यूनंतर आवाज वाजवावा का, कधीपासून, कुणापुढे? बऱ्याच समाजांत मृत व्यक्तीचं नाव आणि आवाज काही काळ टाळतात. पुरुषांनी किंवा स्त्रियांनीच ऐकायचा मजकूर वेगळ्या फोल्डरात, वेगळ्या परवानगीने.

प्रश्न : एखादा सुंदर आदिवासी शब्द घराला किंवा व्यवसायाला नाव म्हणून वापरला तर चालेल का?

विचारल्याशिवाय नको. कायदा इथे तोकडा आहे. ऑस्ट्रेलियन स्वामित्वहक्क कायद्यात सुट्या शब्दांना संरक्षण नाही आणि ध्वनिफितीचा हक्क साधारणपणे ती करणाऱ्याकडे जातो, बोलणाऱ्याकडे नाही. म्हणून समाज करार आणि आचारनियम करतात. न्यू साउथ वेल्सच्या २०१७च्या आदिवासी भाषा कायद्याने या भाषांचे राखणदार ते समाजच आहेत हे मान्य केलं. पलावा कानी वापरण्याआधी टास्मानियन ॲबोरिजिनल सेंटरची परवानगी मागावी अशी अपेक्षा असते. कौर्णा नावासाठी वर सांगितलेल्या गटाकडे विनंती करतात.

विनंतीत शब्द कोणता, कशासाठी, कुठे आणि किती काळ वापरणार हे लिहावं, उच्चार शिकवायची विनंती करावी आणि त्या कामाचं मानधन द्यायची तयारी ठेवावी. उत्तर बैठकीनंतर येतं, त्यामुळे पाटी आधी रंगवून ठेवू नये. कधी सुचवलेल्या शब्दाऐवजी दुसरा शब्द मिळतो, कधी नकार मिळतो. नकाराचं कारण सांगायला ते बांधील नाहीत.